बुडबुड्यांचा हिशेब

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, दिवाळीच्या पुढेमागे गव्हाणीत मोळी पडते आणि नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो मोळी टाकणाऱ्या संचालकांचा. पुढचे चार-पाच महिने बातम्याही ठरलेल्या असतात: उसाचा दर, तोडणीच्या टोळ्या, रस्त्यावर उलटलेली ट्रॉली आणि शेवटी उतारा. गव्हाणीच्या पलीकडे, रस निघाल्यापासून पोतं शिवलं जाईपर्यंत आत काय घडतं, यावर मात्र चार ओळी कुणी लिहीत नाही. शेतकऱ्यानं वर्षभर राबून उसात जी साखर आणली, तिच्यातली किती पोत्यात जाणार आणि किती मळीत, याचा निकाल तिथंच लागतो.

म्हणून आधी आत जाऊ या. रोलरमधून निघालेला रस मातकट, हिरवट-काळा असतो. तो ७०-७५ अंशांपर्यंत तापवतात, त्यात पाण्यात कालवलेला चुना घालतात आणि गंधक जाळून तयार केलेला सल्फर डायऑक्साइड त्यातून सोडतात. चुना आणि हा वायू यांच्या संयोगातून जो साका तयार होतो, तो रसातली घाण घेऊन तळाशी बसतो. ऐकायला सोपं आहे, पण रसाचा सामू ७ च्या आसपास धरून ठेवावा लागतो. आम्लता वाढली तर साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि त्याची पुन्हा साखर होत नाही. अल्कता वाढली तर रस काळवंडतो. वायू रसात किती वेगानं मुरेल हे बुडबुड्यांवर अवलंबून असतं: ते केवढे आहेत, किती आहेत, रसात किती वेळ टिकतात आणि रस त्यांच्याभोवती कसा फिरतो. या शेवटच्या प्रश्नाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या एका प्राध्यापकानं जवळजवळ सगळं आयुष्य त्याच्यावर घालवलं.

निवळलेल्या रसात विरघळलेले पदार्थ साधारण १५ टक्के असतात. इव्हॅपोरेटरमधून बाहेर पडताना तो ६० टक्क्यांचा पाक झालेला असतो. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि दर भांड्यात दाब कमी कमी होत जातो म्हणून कमी उष्णतेवरही रस उकळत राहतो. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिए नावाच्या अभियंत्यानं १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानाच्या ऊसपट्ट्यात प्रत्यक्षात आणली. तो फ्रान्समध्ये शिकलेला आणि मिश्रवंशीय होता. गुलामगिरीच्या त्या मुलखात मळेवाल्यांना त्याचं यंत्र हवं होतं, पंगतीला तो नको होता.

आणि मग पॅन. इथं पाकातून दाणा उभा राहतो. पॅनवरचा अनुभवी माणूस नळीतून नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडाकडे धरतो, चिमटीत घेऊन तार पाहतो आणि पाक किती सोडायचा, वाफ किती द्यायची ते ठरवतो. पाण्यात जितकी साखर एरवी राहू शकते त्याहून थोडी जास्त असेल, तर असलेले दाणे वाढतात. ती मर्यादाही ओलांडली, तर पिठासारखे नवे दाणे उगवतात. कारखान्यात त्यांना फॉल्स ग्रेन म्हणतात. हे बारीक दाणे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून निसटून मळीबरोबर जातात. दोन मर्यादांमधला हा पट्टा अरुंद आहे. पॅनवरचा माणूस त्या पट्ट्यात पॅन तासन्तास चालवतो, ते त्याच्या बोटांच्या भरवशावर.

हेच काम कागदावर मांडायचं तर तीन हिशेब एकदम करावे लागतात: उष्णतेचा, वस्तुमानाचा आणि दाण्यांचा. दाण्यांचा हिशेब म्हणजे अक्षरशः जनगणना. कोणत्या मापाचे किती दाणे आहेत, दर मिनिटाला किती जन्मले, किती वाढून वरच्या गटात गेले. स्फटिकाच्या वाढीचा वेग त्याच्या आकारावर अवलंबून नसतो, असं मॅकेब या अमेरिकन अभियंत्यानं १९२९ साली मांडलं. या जनगणनेचं गणित रँडॉल्फ आणि लार्सन यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपानं पक्कं केलं. हे तिन्ही हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात: तापमान बदललं की विद्राव्यता बदलते, त्यासरशी वाढीचा वेग, त्याच्यामागून पाकाचा दाटपणा, आणि तो बदलला की उष्णता शिरण्याचा वेगही. अशा समीकरणांच्या संचाला प्रक्रियेचं मॉडेल म्हणतात. ते चांगलं जमलं, तर पॅनला हात न लावता विचारता येतं: पाक दोन अंशांनी थंड आला तर काय होईल? दर वेळी खऱ्या पॅनवर प्रयोग करणं कोणत्याही कारखान्याला परवडणारं नाही, कारण चुकलेला एक पॅन म्हणजे काही टन माल.

नगर जिल्हा हा अशा प्रक्रियांचाच जिल्हा आहे. बाहेरच्याला तो शिर्डी, शनिशिंगणापूर आणि दुष्काळाचा वाटतो. पण भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. १९३२ च्या कायद्यानं देशी साखरेला संरक्षण मिळालं आणि पुढच्याच वर्षी श्रीरामपूरजवळ डहाणूकरांचं टिळकनगर उभं राहिलं. १९३९ मध्ये कोपरगाव तालुक्यात करमशीभाई सोमय्यांची साकरवाडी आली. आज साकरवाडीच्या परिसरात मद्यार्कापासून एसिटाल्डिहाइड, इथाइल एसिटेट, ब्यूटिलीन ग्लायकॉल अशी रसायनं होतात. उसाच्या शेताला लागून खरीखुरी केमिकल इंजिनिअरिंग चालते, आणि कोपरगावच्या एसटी स्टँडवर याची चर्चा झालेली मी तरी ऐकलेली नाही.

मग १९५०. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून उभारलेल्या कारखान्याचा पहिला हंगाम त्या वर्षी सुरू झाला. देशातल्या सहकारी साखर कारखानदारीची खरी सुरुवात तिथून मानतात. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष विठ्ठलराव नव्हते, ते होते धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमध्ये शिकलेले, १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा गाजलेला ग्रंथ लिहिलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. असा माणूस लोणीच्या माळावर संचालक मंडळाच्या बैठका घ्यायला येत होता. शेतकऱ्याला दर कसा द्यावा, ठेवी कशा कापाव्यात, नफा कुणाचा, या प्रश्नांवर प्रवरेच्या कारखान्यात जो विचार झाला तो पुढे सगळ्या महाराष्ट्रानं उचलला.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक कारखान्यात येऊन बसला, त्याची फळं जिल्ह्यानं पाहिली. प्रक्रियेचं गणित जाणणारा अभियांत्रिकीचा प्राध्यापक तसा येऊन बसला नाही. तो बसला असता तर काय झालं असतं, हे समजण्यासाठी माटुंग्याला जावं लागतं.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. यूडीसीटी हे त्याचं बोलण्यातलं नाव, आणि नावं कितीही बदलली तरी जुने विद्यार्थी आजही तेच वापरतात. १९६४ मध्ये तिथं मनमोहन शर्मा प्राध्यापक म्हणून आले. वय २७. जन्म जोधपूरचा, पदवी यूडीसीटीचीच, डॉक्टरेट केंब्रिजची, पीटर डँकवर्ट्स यांच्या हाताखाली. या डँकवर्ट्सची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. महायुद्धात लंडनवर जर्मनांनी टाकलेले पॅराशूट-सुरुंग निकामी केल्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. युद्ध संपल्यावर त्यांनी वायू द्रवात कसा मुरतो याचा सिद्धांत मांडला: द्रवाचा पृष्ठभाग सतत नवा होत असतो, खालचा ताजा द्रव वर येतो, थोडा वेळ वायूला भेटतो आणि परत आत जातो. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकवतात.

शर्मांनी हा विषय माटुंग्याला आणला आणि त्याला मुंबईचं वळण दिलं. प्रयोगशाळेत पैसा नव्हता, परदेशी उपकरणं आयात करायची तर परवान्यांचं राज्य होतं. मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यात, अंबरनाथला, पुढे वापी-अंकलेश्वरला रंग, औषधं, सॉल्व्हंट बनवणारे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. प्राध्यापकानं कारखान्याला सल्ला द्यायचा, तिथून आलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा, त्यातून शोधनिबंध आणि विद्यार्थी दोन्ही घडवायचे, ही रीत तिथं रुजली. शर्मा १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा त्यांचं बहुतेक काम याच रीतीतून आलेलं होतं.

ज्येष्ठराज भालचंद्र जोशी हे या घराण्यातले. जन्म २८ मे १९४९, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मसूरचा, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक ज्या गावात आहे ते मसूर. १९७१ मध्ये यूडीसीटीची पदवी घेतली, तिथंच शिकवायला लागले, आणि शिकवता शिकवता शर्मांच्या मार्गदर्शनाखाली १९७७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. गुरू केंब्रिजचे, शिष्य माटुंग्याचेच. परदेशी पदवीवाचून जागतिक दर्जाचं संशोधन होत नाही असं मानण्याचे ते दिवस होते. आजही काही विद्यापीठांच्या निवड समित्या तसंच मानतात.

जोशींच्या हातात आलं ते उपकरण दिसायला अगदी साधं होतं. उंच उभं नळकांडं, त्यात द्रव, तळाशी छिद्रांची तबकडी, तिच्यातून वायू. याला बबल कॉलम म्हणतात. आत फिरणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. ऑक्सिडेशन, हायड्रोजनेशन, किण्वन, सांडपाण्याची शुद्धी अशा शेकडो ठिकाणी हे नळकांडं या ना त्या रूपात असतं. साखर कारखान्यातली रसात वायू सोडण्याची टाकी त्याचीच नातलग. डिस्टिलरीतला फर्मेंटरही तसाच, फक्त तिथं वायू बाहेरून सोडावा लागत नाही. एक किलो ग्लुकोजपासून सुमारे ५११ ग्रॅम मद्यार्क होतो आणि उरलेले ४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांच्या रूपानं टाकी ढवळत वर जातात.

अडचण होती ती आकार वाढवण्याची. प्रयोगशाळेतलं नळकांडं १०-१५ सेंटिमीटर व्यासाचं, कारखान्यातलं एक-दोन मीटरचं किंवा त्याहून मोठं. लहान नळकांड्यात जो निकाल येतो तो मोठ्यात येत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या नळकांड्यावर मोजमापं करून आपापली सूत्रं छापली होती, आणि एकाचं सूत्र दुसऱ्याच्या नळकांड्याला लागू पडत नव्हतं.

१९७९ मध्ये जोशी आणि शर्मा यांनी ब्रिटनच्या रासायनिक अभियंत्यांच्या नियतकालिकात एक निबंध छापला. पानं आठच. कल्पना अशी: वायू तळाशी शिरतो तेव्हा वरच्या सगळ्या द्रवाचा दाब सारून शिरतो, म्हणजे तो द्रवाला ऊर्जा देत असतो. ही ऊर्जा जाते कुठं? काही भाग बुडबुडा द्रवातून सरकताना त्याच्या मागच्या भोवऱ्यात खर्च होतो. उरलेली ऊर्जा द्रवाला फिरवते. मधल्या भागात बुडबुडे दाट असतात, तिथं द्रव वर जातो, आणि भिंतीलगत खाली येतो. जोशी-शर्मांनी मांडलं की हे फिरणं सबंध उंचीभर एकच एक नसतं. नळकांड्यात एकावर एक रचलेले कोष तयार होतात, आणि प्रत्येक कोषाची उंची साधारण नळकांड्याच्या व्यासाइतकी असते, कारण त्या मापाला फिरण्यासाठी सगळ्यात कमी ऊर्जा लागते. जमा आणि खर्च समान मांडले की द्रवाच्या फिरण्याचा वेग एका ओळीच्या सूत्रात मिळतो.

या सूत्रातली मजा घनमुळात आहे. वायूचं प्रमाण तेच ठेवून व्यास आठपट केला, तर द्रवाचा फिरण्याचा वेग दुप्पट होतो. पण वरचा द्रव खाली आणि खालचा वर मिसळण्याचं प्रमाण हे वेग आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरतं, म्हणून ते सोळापट होतं. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या नळकांड्यात जो द्रव शिस्तीत एका दिशेनं जात होता, तो १२० सेंटिमीटरच्या नळकांड्यात खालीवर पूर्ण ढवळला जातो, आणि रासायनिक क्रिया अर्धवट राहते. कारखान्यातल्या अभियंत्याला ‘प्रयोगशाळेत ९५ टक्के मिळत होतं, इथं ८० का मिळतं’ या प्रश्नाचं उत्तर जवळ कॅल्क्युलेटर असेल तर दहा मिनिटांत काढता येऊ लागलं. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी विखरून ठेवलेली मोजमापं एका धाग्यात बसली. हे काम प्रामुख्यानं कागद, पेन्सिल आणि वाचनालयाच्या जोरावर झालेलं होतं, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उपकरण नाही म्हणून संशोधन नाही, या आपल्याकडच्या लाडक्या तक्रारीला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

अर्थात खऱ्या नळकांड्यात असे कोष शिस्तीत रचलेले दिसत नाहीत. बुडबुड्यांचा झोत नागासारखा डोलतो, कोष बनतात आणि मोडतात. सूत्र सांगतं ते बऱ्याच वेळाच्या सरासरीबद्दल. जोशींची पुढची काही दशकं आपल्याच मॉडेलच्या पोटात शिरण्यात गेली. १९८० च्या दशकात त्यांच्या गटानं लेझर डॉप्लरचं तंत्र हाताशी घेतलं. द्रवात लेझरचे दोन किरण छेदायचे, त्या छेदावरून जाणाऱ्या सूक्ष्म कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता मोजायची, त्यावरून त्या एका बिंदूवरचा वेग कळतो. द्रवात काहीही न बुडवता. असे शेकडो बिंदू मोजत विद्यार्थी महिनोन्महिने बसत. दुसरीकडे संगणक आला. टाकीतल्या जागेचे लाखो लहान घनाकृती तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशेब लावायचा, याला संगणकीय द्रवगतिकी म्हणतात, सगळे सीएफडी म्हणतात. खरी गाठ खळबळाटाची असते. प्रवाहाचे भोवरे इतके बारीक होत जातात की प्रत्येकाचा हिशेब ठेवणं कोणत्याही संगणकाला झेपत नाही, मग त्यांच्या सरासरी परिणामासाठी वेगळं गृहीतक घालावं लागतं. रंगीत चित्रं तर कुठलंही सॉफ्टवेअर काढून देतं. ती खरी किती, हे लेझरनं मोजलेल्या बिंदूंशी ताडूनच कळतं. माटुंग्याच्या गटाकडे मोजमाप आणि गणना दोन्ही एका छताखाली होती. २००१ मध्ये जोशींनी बबल कॉलमच्या संगणकीय मॉडेलिंगवर लिहिलेला दीर्घ निबंध या क्षेत्रात शिरणाऱ्याला आजही वाचावा लागतो.

विद्यार्थ्यांतून पुढची पिढी निघाली. विवेक रानडे यांनी ढवळणीच्या टाक्यांतल्या प्रवाहावर जोशींकडे डॉक्टरेट केली, १९९० मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले, २००२ मध्ये रासायनिक रिअॅक्टरांच्या संगणकीय मॉडेलिंगवर त्यांचं पुस्तक आलं, २००४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला आणि नंतर ते बेलफास्ट व लिमरिक इथं प्राध्यापक झाले. अनिरुद्ध पंडित हेही जोशींचे विद्यार्थी. द्रवात पोकळ्या निर्माण करून त्या फोडताना निघणारी ऊर्जा कामाला लावण्याबद्दल ते ओळखले जातात, आणि पुढे त्याच संस्थेचे कुलगुरू झाले. जोशींना स्वतःला १९९१ मध्ये भटनागर आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं.

१९९९ ते २००९ ते संस्थेचे संचालक होते. या काळात यूडीसीटीला मुंबई विद्यापीठाच्या पंखाखालून निघून स्वायत्तता मिळाली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावानं. प्रशासनाच्या या भागात मी फार रमत नाही. समित्या, ठराव, मंत्रालयातल्या खेपा यांची वर्णनं सगळ्या संस्थांत सारखीच असतात. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की संचालकपदावर असतानाही त्यांचे शोधनिबंध येत राहिले. निवृत्तीनंतर अणुऊर्जा विभागाच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत अध्यासन मिळालं, तिथं अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतल्या केंद्रोत्सारी निष्कर्षकांवर आणि पंपाशिवाय आपोआप थंड होणाऱ्या यंत्रणांवर काम झालं. मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

आणि मग चूल. २०१२ मध्ये जोशी, पंडित आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एका नामांकित नियतकालिकात स्वयंपाकाच्या यंत्रणेवर तीन भागांची लेखमाला छापली. विषय होता, भात-डाळ शिजवताना दिलेल्या उष्णतेतली प्रत्यक्ष अन्नात किती जाते, बाकीची कुठं निसटते, आणि भांड्याची, शेगडीची रचना बदलून ती कशी अडवता येईल. बबल कॉलमसाठी घडवलेली हत्यारं, ऊर्जेचा ताळेबंद, प्रवाहाचं गणित, इथंही तीच. भांड्याच्या बुडाशी उठणारे बुडबुडे पाण्याला फिरवतात, हे १९७९ च्या निबंधातलं चित्र इथं परत भेटतं. भटनागर पुरस्कार मिळालेला प्राध्यापक चुलीवर लिहितो याचं काहींना नवल वाटलं असेल. पण देशातल्या प्रक्रियांमध्ये घरोघर, रोज दोनदा चालणारी दुसरी कोणती प्रक्रिया आहे?

आता पुन्हा नगर. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, आणि त्याच एका वर्षात या जिल्ह्यात लोणीला प्रवरा, कोपरगावला संजीवनी आणि संगमनेरला अमृतवाहिनी अशी तीन महाविद्यालयं उभी राहिली. तिन्ही सहकारी साखर कारखानदारीच्या पोटातून आलेली. लोणीला तर केमिकलची शाखाही आहे. कारखान्याची चिमणी महाविद्यालयाच्या गच्चीवरून दिसावी, असं दृश्य जगात फार ठिकाणी नसेल. मिशिगन किंवा डेल्फ्टमधल्या प्राध्यापकाला असा कारखाना हाताशी मिळावा म्हणून करार करावे लागतात, इथं तो शेजारी आहे आणि दोन्हीकडचं नेतृत्वही बहुधा एकाच घराण्यातलं आहे.

या चाळीस वर्षांत या महाविद्यालयांनी खेड्यातली हजारो पोरं इंजिनिअर केली, हे श्रेय मोठं आहे आणि ते कमी लेखणारे पुण्या-मुंबईचे लोक मला आवडत नाहीत. पण प्रक्रियेच्या मॉडेलिंगमध्ये जगानं नाव घ्यावं असं काम इथून निघालं नाही. हुशारी कमी म्हणून असं झालं नाही. ग्रामीण महाविद्यालयातला प्राध्यापक आठवड्याचे तास भरतो, मग मूल्यांकनाच्या फायली भरतो, प्रवेशाच्या हंगामात गावोगाव फिरतो, परीक्षेच्या हंगामात पेपर तपासतो. डॉक्टरेट बढतीसाठी लागते म्हणून चाळिशीत केली जाते. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं संशोधनाला गुण लावले आणि देशभर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. १९७९ चा तो आठ पानी निबंध या गुणपत्रिकेत किती भरला असता, तर एका निबंधाइतका. शर्मांना २७ व्या वर्षी प्राध्यापक करणारी निवड समिती आजच्या नियमांत बसतच नाही.

कारखान्यांची बाजूही पाहिली पाहिजे. अध्यक्षाला शेतकरी सभासदांना दर द्यायचा असतो, बँकेचे हप्ते असतात, निवडणूक असते. तांत्रिक अडचण आली की तो मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे जातो किंवा यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला फोन करतो. १९७५ मध्ये कारखान्यांनी मिळून उभी केलेली ती संस्था आपलं काम करते. तरी राज्यभराच्या कारखान्यांसाठी असलेली एक संस्था एखाद्या विशिष्ट पॅनशी पाच वर्षं झगडत बसू शकत नाही. ते काम शेजारच्या प्राध्यापकाचं आणि त्याच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं.

आणि प्रश्न तर आता पूर्वीपेक्षा अवघड झाले आहेत. एकेकाळी साखर काढायची, उरलेल्या मळीचा मद्यार्क करायचा, बगॅस जाळायचा, एवढंच होतं. इथेनॉलच्या धोरणानं वाटा वाढल्या. शेवटची मळी आंबवायची, की एक पॅन कमी चालवून जास्त साखर असलेली बी-हेवी मळी आंबवायची, की थेट रसच? प्रत्येक वाटेला वाफ वेगळी, वीज वेगळी, साखरेचा उतारा वेगळा, सांडपाणी वेगळं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवलं. एका हंगामाच्या मध्यावर सगळं गणित फिरलं. सबंध कारखान्याचं चालतं मॉडेल ज्याच्याकडे असेल, तो अशा आदेशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगू शकतो की कोणते पॅन बंद ठेवायचे आणि बॉयलर किती दाबावर चालवायचा. ज्याच्याकडे नसेल, त्याचा चीफ केमिस्ट रात्रभर वहीत आकडेमोड करतो.

या मॉडेलसाठी लागणारा कच्चा माल जिल्ह्यात पडून आहे. प्रत्येक कारखान्यात पाळीगणिक नोंदी होतात: रसाची घनता, शुद्धता, सामू, वाफेचा दाब, पॅन लावल्याची आणि सोडल्याची वेळ, मळीची शुद्धता. सरकारी नमुन्यातले तांत्रिक अहवाल दर हंगामाला बनतात. लोणी, कोपरगाव, संगमनेर, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, अशा गावोगावच्या कारखान्यांच्या कपाटांत कित्येक हंगामांची ही कागदपत्रं असतील. जोशी-शर्मांनी जे जगभरच्या विखुरलेल्या मोजमापांचं केलं, तसं करायला बसेल अशा माणसासाठी हा खजिना आहे. आणि पॅनवरचे जुने लोक अजून आहेत. त्यांच्या बोटांना काय कळतं हे त्यांना विचारून, शेजारी सेन्सर लावून, दोन्ही ताडून पाहण्याची संधी आणखी फार वर्षं राहणार नाही, कारण ही माणसं निवृत्त होत चालली आहेत आणि त्यांची मुलं या कामाला यायला तयार नाहीत.

म्हणून या अंकाच्या नगरकर वाचकांत कुणी संचालक असतील, कुणी प्राचार्य असतील, त्यांना एक मागणं आहे. आपल्या कारखान्याच्या गेल्या दहा हंगामांच्या तांत्रिक नोंदी आपल्याच महाविद्यालयाला द्या, गुप्त ठेवायचं ते झाकून द्या. एक पॅन आणि एक फर्मेंटर अभ्यासासाठी ठरवून द्या. केमिकलच्या एका तरुण प्राध्यापकाला तीन हंगाम तासांतून आणि फायलींतून मोकळं करा, त्याचा पगार कारखान्यानं उचलावा, आणि तीन वर्षं त्याला निबंध किती झाले असं विचारू नका. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, मुंबईचा निधी लागत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घेता येईल.